इंजिनाची पोपटी

परवा संध्याकाळी बायकोनं भाजीच्या पिशवीतून भांबुर्डीची जुडी काढून ओट्यावर टाकली आणि माझ्या तळहातांना घाम फुटला. भर थंडीत.

भांबुर्डी म्हणजे आमच्याकडे बांधाबांधावर फुकट माजणारा पाला. उग्र वासाचा, ओव्याचा लांबचा भाऊबंद असावा असा. वालाच्या शेंगा भरल्या की रोह्यापासून पेणपर्यंत या पाल्याला भाव येतो. मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर मीठ चोळलेल्या शेंगा, मध्ये अंडी-बटाटे, ज्याला चालते त्याची कोंबडी, वर पुन्हा पाला कोंबायचा. मग मडकं जमिनीवर उपडं घालून भोवती पेंढा-काटक्या रचायच्या आणि द्यायची काडी. ही पोपटी. तिच्या वासानं इतरांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी मात्र उठून दोन खोल्या पलीकडे जाऊन बसतो, कारण एका हिवाळ्यात आम्ही मोटारीच्या इंजिनाची पोपटी लावली होती.

ही गोष्ट मी आजवर शेकडो वेळा सांगितली आहे. आळीत, लग्नांत, कंपनीच्या बसमध्ये, एकदा तर दवाखान्यात सलाईन चालू असताना. हात-पाय, आवाज, भुवया सगळं वापरून सांगतो. लोक पोट धरून हसतात. गोष्ट नेहमी एका आवाजापाशी संपवतो. त्या आवाजानंतरचं सांगत नाही, कारण त्यानंतर फक्त भीती आहे, आणि भीतीला टाळ्या पडत नाहीत.

मी तसा जन्मजात भित्रा माणूस. आवाज मोठा असल्यामुळे कुणाला संशय आला नाही इतकंच. गणपतीतल्या नाटकांत मी राजे केले, खलनायक केले, एकदा साक्षात यम केला. गदा गदगदा हलवायचो. प्रेक्षकांना वाटायचं अभिनय आहे, पण माझे हातच थरथरत असायचे.

तर ती नव्वदीच्या शेवटाकडची वर्षं. मी रोह्यात एका रसायनाच्या कंपनीत शिफ्ट करायचो. शेजारी लतीफभाईंचं घर. ते मस्कतला एका मोठ्या गॅरेजात फोरमन, वर्षातून एकदा महिनाभर यायचे. उंच, कमी बोलणारे, पांढऱ्या मिशा. रागावले की आवाज चढायचा नाही, उलट उतरायचा, आणि त्यामुळे जास्तच भीती वाटायची. त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा संस्थानिकाच्या कारभाऱ्याकडून घेतलेली एक विलायती गाडी त्यांच्या परसात पडून होती. दोन दारांची, मागे एक अरुंद बाक आणि वर मागे दुमडता येणारा कापडी टप. म्हणजे एके काळी टप होता. आता नुसत्या बरगड्या उरल्या होत्या. आळीत सगळे तिला 'टपाची गाडी' म्हणत. वीस पावसाळे तिनं फाटक्या ताडपत्रीखाली काढले होते. दारावर बोट दाबलं तर पत्रा भाजलेल्या पापडासारखा मोडायचा.

आदल्या खेपेला लतीफभाई आले असताना त्यांनी पांडूला बोलावून घेतलं. पांडू खांब गावचा, शाळेत माझ्या बाकावर बसायचा. कोलाडच्या नाक्यावर एका गॅरेजात ट्रकांखाली उताणं पडून त्याची दहा वर्षं गेली होती. बोलायला अगदी कंजूष. त्याच्या तोंडून वाक्य काढणं म्हणजे गंजलेला नट काढण्यापैकी. हात मात्र असे, की बिघडलेल्या इंजिनावर नुसता तळवा ठेवून कुठलं सिलिंडर आजारी आहे ते सांगायचा.

लतीफभाई म्हणाले, "पांडू, माझ्या पोरीचा, रुबीनाचा निकाह येत्या ईदनंतर दोन आठवड्यांनी. ही गाडी तिला घेऊन दारातून आपल्या पायानं गेली पायजे. ढकलत नाय. केलंस तर तुला मस्कतला नेतो. माझ्या गॅरेजात, माझ्या जबानीवर. तिकडं जबानी गेली की मानूस गेला, समजलंस?"

"व्हय," पांडू म्हणाला. त्या महिन्यातला तो बहुधा त्याचा सगळ्यात मोठा संवाद.

माझी भूमिका काय? लतीफभाईंच्या घरात लग्नाची रंगरंगोटी निघणार, म्हणून गाडी आमच्या परसात ढकलत आणली. तिथे पत्र्याची पडवी होती आणि दणकट आंबा होता. पांडू कोलाडहून सुटला की सायकल मारत यायचा, मी शिफ्टवरून आलो की त्याचा हरकाम्या. पाना दे, बत्ती धर, फुंकर मार. दिवाळी आटोपल्यावर आम्ही सुरुवात केली.

पहिल्याच दिवशी मी ऐटीत ड्रायव्हरच्या जागी बसलो, पाय खाली ठेवला आणि तो थेट आमच्या परसातल्या मातीला टेकला. तळाचा पत्रा नव्हताच. मी पाय वर घेतोय तोच सीटखालून काहीतरी लांबलचक सरकलं. त्यानंतरचं मला आठवतं ते आंब्याच्या पहिल्या फांदीवरून. मी तिथे कसा पोचलो हे आजही कोडं आहे. पांडूनं त्या धामणीला काठीनं हळूच कुंपणाबाहेर वाट दाखवली आणि वर माझ्याकडे बघून म्हणाला, "तिथंच हायस तर चेनपुली बांधून घे फांदीला. इंजिन उचलायचं हाय."

त्या थंडीतल्या कितीतरी गोष्टी मला कानांतून आठवतात. कुई-कुई करत वर जाणारी साखळी, फांदीची कुरकुर. इंजिन आंब्याला टांगलेलं असताना खालून जाणाऱ्या आमच्या कोंबड्या. गंज खरवडणारा पॉलिश कागद, त्याचा दातांवरून गेल्यासारखा आवाज. पत्र्याला पत्रा जोडताना निळा उजेड आणि ओल्या मातीवर पडून विझणाऱ्या ठिणग्या. रॉकेलचा वास तर माझ्या अंगाला असा बसला, की बायको, सुमन, मला चुलीपासून चार हात लांब जेवायला वाढायची.

"अहो, साखरेच्या डब्यात हे काय?"

"वॉशर आहेत. पांडूनं मोजून ठेवलेत. हलवू नको."

"मग साखर कुठे?"

साखर गाडीच्या दिव्याच्या वाटीत होती. अशी घराची आणि गाडीची अदलाबदल झाली होती. पांडू एकेक भाग काढायचा, रॉकेलनं धुवायचा, वर्तमानपत्रावर ठेवून खडूनं आकडा घालायचा. माजघरभर ते आकडे पसरले. मला स्वप्नं पडायची, की सगळं जोडून झालंय, गाडी सजलीय, रुबीना आत बसलीय आणि माझ्या मुठीत एक नट उरलाय. आजही इस्त्री दुरुस्त करून एक स्क्रू उरला की मी ती पुन्हा सगळी उघडतो. इंजिन उघडण्याला कुणी भीत नाही. खरी भीती जोडून झाल्यावर सुरू होते.

मार्गशीर्ष संपेपर्यंत गाडीच्या अंगाचं पत्राकाम आटोपलं. पेणहून मूर्तींना रंग देणारा एक ओळखीचा कारागीर येऊन गडद हिरवा फवारा मारून गेला. जाताना सवयीनं गाडीला नमस्कार करून गेला. टपाचं कापड टेम्पोच्या ताडपत्र्या शिवणाऱ्यानं शिवलं. ती बाहेरून नवरीसारखी दिसायला लागली, पण तिचं इंजिन हालेना. चार दट्ट्यांपैकी, म्हणजे पिस्टनांपैकी, दोन गंजून आपापल्या नळ्यांत घट्ट बसले होते. रॉकेल ओतलं, डिझेल ओतलं, तीन आठवडे भिजत ठेवलं. पांडू लाकडी ठोकळा ठेवून हातोडीनं हलके हलके ठोकायचा, कान लावायचा, मान हलवायचा.

"शेकायला लागंल," एके दिवशी तो म्हणाला. "चारी अंगानं सारखं. हळूहळू. आनि मंग हळूहळूच थंड."

"चारी अंगानं सारखं, हळूहळू," मी म्हणालो, "अरे, मग पोपटी लावू की!"

मी गमतीनं म्हटलं होतं. पांडू विचारात पडला. मग हसण्यासारखं काहीतरी त्याच्या ओठाच्या एका कोपऱ्यात झालं. "लावू," म्हणाला.

एका रविवारी दुपारी लावली. कंपनीतले माझे चार मित्र पेणहून आले होते, खास पोपटी खायला. म्हणून परसात दोन आगी होत्या. एका बाजूला मडकं, दुसऱ्या बाजूला उघडा केलेला इंजिनाचा लोखंडी ठोकळा, विटांवर ठेवलेला, भोवती पेंढा, तूस, गोवऱ्या. पांडूनं तासभर त्या दुसऱ्या आगीची लेकरासारखी राखण केली. इथं थोडं सरकव, तिथं थोडं दाब. मग त्यानं दट्ट्यावर लाकडाचा तुकडा ठेवून एक ठोका दिला आणि दट्ट्या हलला! दुसराही हलला! मी नाचलो. शब्दशः. पांडू म्हणाला, "आता राखंतच राहू दे. रात सरंपर्यंत कोनी हात लावू नका. मी पोती आनतो झाकायला." आणि तो पुढच्या दारी गेला.

पोपटी झाली का हे आम्ही कसं बघतो, तर मडक्यावर पाण्याचा हात मारायचा. चर्र झालं, पाणी क्षणात उडालं, की शिजली. हे काम नेहमी मी करतो, कारण त्यात थोडं नाटक आहे. मी तांब्या घेतला, मंत्र पुटपुटल्यासारखं केलं, मडक्यावर पाणी मारलं. चर्र! मित्रांनी टाळ्या वाजवल्या. एकानं शिट्टी मारली.

टाळी वाजली की माझं डोकं जागेवर राहत नाही. मी गिरकी घेतली, तांब्या उंच धरला आणि म्हणालो, "आता ह्या बाईसाहेब शिजल्या का बघू!" आणि तापलेल्या इंजिनावर ओंजळभर पाणी फेकलं.

चर्र झालं. हशा झाला. आणि हशाच्या मागून, एका क्षणानं, एक बारीक आवाज आला.

टण्.

देवळातली लहान घंटा कुणी नखानं वाजवावी, एवढाच. मी गोष्ट इथेच संपवतो. 'टण्' असं नाकातून म्हणतो, डोळे मोठे करतो, आणि लोक कोसळतात.

त्या दिवशी कुणी कोसळलं नाही. ठोकळ्याच्या कुशीवर, जिथे आतून पाणी फिरतं त्या भिंतीवर, चार बोटं लांबीची एक काळी रेघ उमटली होती. केसाएवढी. पांडू पोती घेऊन परत आला आणि थांबला. त्यानं रेघेकडे पाहिलं. माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. पोती खाली ठेवली आणि ठोकळा जपून झाकला, तापाच्या माणसाला झाकतात तसा.  मला त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते. मित्र शेंगा न खाताच गेले.

आता जे लिहितो ते कधी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, "काय दिगूशेट, काल परसात केवढा धूर!" मी गोष्ट सांगायला लागलो. चांगली रंगत होती. पाणी मारायची वेळ आली, आणि माझी जीभ आपोआप वळली. "...आणि मग आमचे पांडूशेट उठले, तांब्या घेतला..."

का? एक तर ते जास्त विनोदी होतं. मुखदुर्बळ, काटेकोर पांडू असं करतो यातच मजा. आणि दुसरं म्हणजे मी घाबरलो होतो. चार माणसांपुढं 'मी फोडलं' म्हणायची माझ्यात ताकद नव्हती. सोबतीला होते ते मित्र पेणला निघून गेलेले. मागच्या दारातून सगळं पाहणारी सुमन तेवढी उरली.

आठवड्यात ती गोष्ट आळीत फिरली. मीच फिरवली. लतीफभाईंच्या बायकोनं, जैबूनभाभींनी, ती माझ्याकडून दोनदा मागून ऐकली आणि ओढणी तोंडात धरून हसल्या. पांडू टपरीवर आला की कुणीतरी म्हणायचं, "काय रे, शिजलं का इंजिन?" पांडू चहा प्यायचा.

फुटलेलं इंजिन आम्ही टेम्पोत घालून कोलाड, खांब, नागोठणं करत पेणला नेलं. रामवाडीला एक बुधाजीबाबा होते, मिठागराच्या बाजूचे, खाडीतल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे. होडीचं इंजिन खाऱ्या पाण्यात फुटतं, त्याला नवीन मिळत नाही, म्हणून फुटकं सांधणं हीच त्यांची विद्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी रेघ बघितली.

"कसा फुटला रं ह्यो?"

"पानी पडलं," पांडू म्हणाला.

"पडलं का मारलं?"

 बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथी वाचायला लागलो.

"वेल्डिंग नाय चालायचा. बाजूला आनखी फुटंल. टाकं घालाया लागतील," बाबा म्हणाले. रेघेच्या दोन्ही टोकांना आधी एकेक भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढं पळत नाही. मग रेघेवर ओळीनं बारीक भोकं, प्रत्येकात आटे पाडून तांब्याचा स्क्रू, आणि पुढचा स्क्रू आधीच्याला थोडा खात बसवायचा. शेवटी वरून हलक्या हातानं ठोकायचं. "मी सांगतो, तू कर," ते पांडूला म्हणाले. "माझं हात आता कापतात."

कोलाडला तीन दिवसांची रजा टाकून पांडूनं ते टाके घातले. मी रोज शिफ्ट संपवून एसटीनं पेणला जायचो आणि कोपऱ्यात उभा राहायचो. ड्रिल एवढं हळू फिरायचं की श्वास धरावासा वाटायचा. एक भोक चुकलं असतं तर संपलं. बुधाजीबाबा विडी ओढत म्हणायचे, "घाई नको. इंजिन म्हंजी मानूस नाय. टाका दिसला तरी लाजत नाय."

दुसऱ्या दिवशी मी निघताना पोस्टमननं पत्र दिलं. मस्कतचं, माझ्या नावाचं. लतीफभाईंचं सुबक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. गाडीची चौकशी, रुबीनाच्या मांडवाची चौकशी, आणि मग:

'पांडूने तापलेल्या लोखंडावर पाणी मारले असे घरातून कळले. सगळे हसत होते म्हणे. मला हसू आले नाही. इकडे अशा एका चुकीत माणसाचे हात जातात. असा मनुष्य मी माझ्या जबानीवर आणू शकत नाही. त्याला तू काही सांगू नको, मी आल्यावर सांगेन.'

ते पत्र मी शर्टाच्या खिशात घातलं आणि रामवाडीला गेलो. पांडू वाकून आठवा स्क्रू बसवत होता. त्याच्या नाकाच्या टोकाला घामाचा थेंब होता आणि तो लोखंडावर पडू नये म्हणून तो मान तिरपी करून काम करत होता. माझ्या खिशातलं पत्र मला चटके देत होतं. पुढचे पंधरा दिवस मी त्या पत्रासकट जगलो. झोपताना उशीखाली, कामावर डब्यात.

भीतीचे प्रकार मला त्या पंधरवड्यात कळले. धामणीची भीती बरी, ती पायांत असते, माणूस झाडावर चढून मोकळा होतो. कंपनीतल्या बॉयलरची भीती पोटात असते. पण आपल्याच तोंडातून निघालेली गोष्ट गावभर हिंडून, समुद्र ओलांडून, एका माणसाच्या ताटातला घास उचलते, त्या भीतीला शरीरात जागाच सापडत नाही. ती माजघरात, परसात, तांब्यात, सगळीकडे असते.

"तुम्ही सांगता की मी सांगू भाभींना?" सुमन म्हणाली.

"मी सांगतो. फोन करतो."

एसटीडी बूथवर गेलो. काचेच्या खोक्यात लाल आकडे पळायला लागले. पलीकडून लतीफभाईंचा आवाज आला, खोल, विहिरीतून आल्यासारखा. "बोल, दिगू."

"लतीफभाई... ते... टपाचं कापड छान बसलंय."

"अच्छा. अजून काय?"

"काही नाही."

बाहेर आलो तेव्हा बूथवाल्यानं विचारलं, "कोण वारलं काय?"

इंजिन परत आलं, भरलं, आंब्याला टांगलं, गाडीत उतरलं. एकही नट उरला नाही. ईदच्या दोन दिवस आधी सकाळी पांडूनं पुढून हँडल लावलं. मी आत बसून चावी धरली होती. पहिल्या वेळी नुसता खोकला. दुसऱ्या वेळी हँडल उलट उसळलं, पांडूनं हात वेळेत काढला. नवव्या वेळी ती धडधडत चालू झाली. निळा धूर, कोंबड्यांची पळापळ, सुमन टाळ्या वाजवत दारात. पांडूनं इंजिनाचा वेग स्थिर होऊ दिला, मग वाकून टाक्यांवर तळवा ठेवला. बराच वेळ.

"कोरडं हाय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "दिगू, चालली रं."

मी तेव्हाही पत्र दाखवलं नाही.

लतीफभाई आले ते ईदच्या आदल्या दिवशी. ईदची भेट झाली, शीरखुर्मा झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या परसात आले. पांढरा सदरा, हातात रुमाल. गाडी चालू होती. पांडू दहा पावलांवर, धुतलेला शर्ट घालून, हात मागं बांधून उभा. लतीफभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट उघडलं. अंगठ्याचं नख त्या तांब्याच्या टिकल्यांवरून सावकाश फिरवलं.

"हेच ते?" त्यांचा आवाज उतरला होता. "पांडूनं पानी मारलं ते?"

माझ्या आयुष्यातली सगळी नाटकं त्या क्षणी मला सोडून गेली. भुवया नाहीत, हात नाहीत, आवाज नाही. "मी मारलं," मी म्हणालो. तेही अर्धं इंजिनाच्या आवाजात बुडालं. पुन्हा म्हणालो, "लतीफभाई, पाणी मी मारलं. गोष्टीत पांडूचं नाव मी घातलं."

 त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हातानं मी जास्त घाबरलो, कारण तो मायेचा होता. "दोस्तासाठी खोटं बोलतंस. चांगलं हाय. पन मला गॅरेज चालवायचं हाय, दिगू. दोस्ती नाय."

मी शपथ घेतली. आईची, गणपतीची. सुमन दारातून ओरडली, "खरंच यांनीच मारलं हो!" त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली, तू बायकोच, तू तेच म्हणणार अशी. मी इतकी छान रंगवून सांगितलेली गोष्ट आणि हे माझं मोडकं, अडखळतं खरं. दोन्हींतलं कुठलं पटेल? मलाच पटलं नसतं.

त्यांनी रुमालानं नख पुसलं आणि वळले. "पांडू. तू सांग. कोनी मारलं पानी?"

पांडूनं माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हणत होतो, सांग, अरे, सांग.

"इंजिन माझ्या ताब्यात व्हतं," पांडू म्हणाला. "तापलेलं इंजिन सोडून मी पोती आनायला गेलो. पोती आधीच आनून ठेवायची व्हती. पानी कोनी का मारंना."

गाडी संथ चालत होती. लतीफभाईंनी पुन्हा वाकून ते टाके पाहिले, आता चष्मा लावून, एकेक. "हे कोनी घातलं?"

"बुधाजीबाबांनी शिकवलं. मी घातलं."

"किती टाके?"

"चौदा."

"गळतं?"

"नाय."

 ते सरळ झाले आणि म्हणाले, "पासपोर्ट काढलास?"

 पांडूनं मान खालीवर केली.

मग लतीफभाई माझ्याकडे वळले. "आता तू. निकाहच्या जेवनाला सगळी आळी येनार. तीच गोष्ट तिथं सांगायची. सगळ्यांसमोर. तशीच, हातवारे करून. फक्त हात ज्याचा होता त्याचा ठेवायचा."

मी रंगमंचावर यम झालो आहे, पण त्या दुपारी मांडवात उभा राहिलो तसा कधीच नाही. दोनशे माणसं. वडे-मटणाचा वास, अत्तर, मांडवाच्या कापडातून झिरपणारं ऊन. दाराशी हिरवी गाडी उभी, पुढे मोगऱ्याच्या माळा, स्टिअरिंगवर पांडू, थोड्याच वेळात रुबीनाला घेऊन पूल ओलांडून अष्टमी गावी, तिच्या सासरी जायला तयार. मी सुरुवात केली. धामण, आंबा, मडकं, टाळ्या. लोक हसायला लागले, सवयीनं. आणि मी तांब्यापाशी आलो.

"...आणि मी," मी म्हणालो. "मी गिरकी घेतली. मी."

 जैबूनभाभींनी ओढणी तोंडावरून खाली घेतली. माझे हात हवेतच राहिले. आता 'चर्र' म्हणावं की नाही कळेना.  मी म्हणालो, "चर्र." कुणी हसलं नाही. मी म्हणालो, "टण्."

आणि दारातून, गाडीतून, एक हसणं आलं. आधी दबकं, मग मोकळं, मग न आवरणारं. पांडू स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसत होता, त्याचे खांदे हलत होते. त्याच्या मागून लतीफभाई, मग सगळा मांडव. मी उभा होतो आणि मला एवढंच दिसत होतं, की दीड महिना मी ही गोष्ट त्याच्यासमोर सांगत होतो, आणि तो आज पहिल्यांदा हसत होता.